जुन्या ऑफ-रोड गाडीच्या स्टिअरिंग रॅकचे झिजलेले बुश कसे बदलावेत

सरळ रस्त्यावर गाडी भटकायला लागते. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं लगेच ऐकत नाहीत, आणि उभ्या गाडीत डावीकडे-उजवीकडे हलवलं की खालून 'टक' असा ठोका येतो. जुन्या गाडीत ही लक्षणं दिसली की आधी टायर बदलले जातात, मग दोन-तीनदा अलाइनमेंट होते, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की रॅकच (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा आडवा दांडा) गेला, नवा टाका. कित्येकदा आतला रॅक ठणठणीत असतो. त्याला चासीवर घट्ट धरून ठेवणारं रबर, म्हणजे बुश, तेवढं संपलेलं असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की पाना हातात घेण्याआधी गाडीखाली जाऊन रॅकचं हाउसिंग, म्हणजे त्याची बाहेरची नळी, जागचं हलतं का ते डोळ्यांनी बघा. त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

हे काम तुमच्या गाडीला लागू होतं का?

रॅक अँड पिनियन (दात्यांचा दांडा आणि त्यावर फिरणारं दातेरी चाक) स्टिअरिंग असलेल्या गाडीतच हे बुश असतात. स्वतंत्र फ्रंट सस्पेन्शनच्या बऱ्याच गाड्या या गटात येतात: १९९६ ते २००२ ची तिसऱ्या पिढीची टोयोटा फोररनर, पहिल्या पिढीची टॅकोमा, ९० सिरीजची प्राडो, १०० सिरीजची लँड क्रूझर, तिसऱ्या पिढीची मित्सुबिशी पजेरो. पुढे सलग अॅक्सल असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये सहसा स्टिअरिंग बॉक्स असतो आणि त्याची तपासणी वेगळी. १०० सिरीजसारखीच दिसणारी लँड क्रूझर १०५ अशीच सलग अॅक्सलची आणि बॉक्सची आहे. त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी खाली वाकून खात्री करा. दोन चाकांच्या मध्ये आडवी नळीसारखी हाउसिंग आणि तिच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट दिसले, तर तो रॅक.

ही हाउसिंग साधारण दोन प्रकारे बांधलेली असते. पिनियनच्या बाजूला, म्हणजे जिथे स्टिअरिंगचा शाफ्ट खाली येऊन रॅकला मिळतो तिथे, हाउसिंगलाच गोल डोळे ओतलेले असतात. त्यात बुश आणि बुशच्या मधून आरपार बोल्ट. दुसऱ्या टोकाला नळीभोवती चिरलेलं जाड रबर गुंडाळलेलं असतं आणि त्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी पट्टी दोन बोल्टांनी आवळलेली असते. डोळे किती आणि कुठे हे मॉडेलप्रमाणे बदलतं.

ही रबरं जातात ती निव्वळ वयामुळे, मोठ्या टायरच्या जादा ताणामुळे, दगडांवर चाक अडकलेलं असताना जोर लावून स्टिअरिंग फिरवल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तेलामुळे. पॉवर स्टिअरिंगच्या पाइपातून किंवा इंजिनातून तेल वर्षानुवर्षं ठिबकत राहिलं की रबर फुगतं, मऊ होतं आणि बोटाने दाबलं तरी आत जातं. तेलाने गेलेले बुश बदलून गळती तशीच ठेवली तर नवे रबरही त्याच वाटेने जाणार. गळती आधी शोधा.

आधी निदान

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. चाकं जमिनीवरच हवीत. चाक अधांतरी असेल तर टायरचा विरोध मिळत नाही आणि झिजलेला बुशही गप्प बसतो. इंजिन चालू ठेवून सोबत्याला स्टिअरिंग मध्यापासून दोन्ही बाजूंना थोडंथोडं फिरवायला सांगा. पूर्ण फिरवायची गरज नाही, घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत पुरे. तुम्ही बाजूने, टॉर्च घेऊन, हाउसिंग आणि चासी यांच्यामधल्या फटीकडे बघा. चालू इंजिनच्या गाडीखाली पूर्ण आडवे होऊ नका, आणि हात टाय रॉडपासून, म्हणजे रॅककडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यापासून, लांब ठेवा.

चांगल्या रबरातही हाउसिंग किंचित थरथरते, ते चालायचंच. पण चाकं वळण्याआधी आख्खी हाउसिंग आडवी सरकत असेल आणि ते सरकणं डोळ्यांना सहज दिसत असेल, तर बुश गेले. आणखी एक खूण जवळून बघण्यासारखी आहे. यू पट्टीच्या कडेला, मळकट अॅल्युमिनियमवर, घासून चकचकीत झालेला बारीक पट्टा दिसतो. हाउसिंग पट्टीतून किती पुढे-मागे जाते याचं मापच तिथे उमटलेलं असतं. पट्टीतून बाहेर आलेल्या रबराच्या कडेला भेगा असतील, किंवा डोळ्यातला बोल्ट मध्यात न राहता एका बाजूला टेकलेला दिसत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

हाउसिंग स्थिर आहे आणि तरी ठोका येतो? मग पुढचे सांधे एकेक करून तपासा. इंजिन बंद करा. टाय रॉड एंडवर (टाय रॉडच्या चाकाकडच्या सांध्यावर) हात ठेवून स्टिअरिंग हलवलं की ढिला सांधा हाताला कळतो. आतला टाय रॉड रबरी बुटाच्या आड असतो, बूट दाबून बोटांनी चाचपावा लागतो. स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट हातात धरून बघा. त्यानंतर चाक उचलून वर-खाली हलवा, बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, समजेल. वर सांगितलेल्या फोररनर आणि टॅकोमामध्ये खालच्या बॉल जॉइंटकडे विशेष लक्ष द्या. त्या रचनेत गाडीचं वजन हा सांधा ओढून सुटा करायच्या दिशेने येतं. तो निखळला तर चाक आडवं पडतं. त्यात प्ले सापडला तर बुश थांबू शकतात, बॉल जॉइंट थांबू शकत नाही.

रबर की पॉलीयुरेथेन?

कंपनीचे बुश रबराचे असतात, बाजारात पॉलीयुरेथेनचे (रबरापेक्षा कडक, प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) संचही मिळतात. सस्पेन्शनच्या आर्ममध्ये पॉली घालायला मी सहसा सुचवत नाही, कारण तिथे बुशला सतत पीळ बसतो आणि पॉली कोरडं पडलं की करकरतं. रॅकचं तसं नाही. रॅक चासीवर एकाच जागी बसलेला असतो, सस्पेन्शन वर-खाली झाल्याने त्याचा बुश फिरत नाही. त्याला फक्त आडवा जोर झेलायचा असतो, आणि तो पॉली उत्तम झेलतं. तेलाचाही त्यावर रबराइतका परिणाम होत नाही. बदल्यात रस्त्याची थरथर थोडी जास्त हातात येते. मोठे टायर लावलेल्या आणि खडकाळ वाटेवर जाणाऱ्या गाडीला मी पॉलीच घालेन. बहुतेक डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीचं रबर जास्त सुखाचं.

संच घेताना एक गोष्ट नक्की तपासा. जुन्या बुशला बाहेरून लोखंडी कवच असतं. काही संचांमध्ये ते कवच डोळ्यात तसंच ठेवून आत नवा बुश बसवायचा असतो, काहींमध्ये कवचही काढावं लागतं. सोबतच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. कागद नसेल तर व्हर्निअरने नव्या बुशचा बाहेरचा व्यास मोजा आणि कवचाच्या आतल्या मापाशी ताडून बघा. मापं जुळली तर कवच राहू द्यायचं. हे न बघता कवच काढलं तर नवा बुश डोळ्यात सैल बसेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

हत्यारं आणि तयारी

जॅक, वजनाला पुरतील असे दोन भक्कम स्टँड, सॉकेटचा संच आणि लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, टाय रॉड काढायचा पुलर, पक्कड, वायर ब्रश, ड्रिल, करवतीचं पातं, बारीक छिन्नी, बारीक पॉलिश पेपर. शिवाय चांगल्या प्रतीच्या पोलादाचा एक थ्रेडेड रॉड, त्याला दोन नट आणि जाड वॉशर. बुश ओढून काढायला आणि बसवायला हाच रॉड प्रेसचं काम करतो. टाय रॉडसाठी नव्या स्प्लिट पिना आधीच आणून ठेवा. गाडीची वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवी, कारण रॅकच्या बोल्टांचा टॉर्क (किती जोराने आवळायचं ते माप) मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि तो अंदाजाने आवळायचा भाग नाही.

आदल्या दिवशी सगळे बोल्ट वायर ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा मारा. जुन्या गाडीत या कामाचा खरा वेळ गंजलेले बोल्टच खातात.

रॅक सुटा करणे

चाकं अगदी सरळ करा, चावी काढा आणि स्टिअरिंग लॉक होऊ द्या. शिवाय सीट बेल्ट स्टिअरिंगमधून ओवून अडकवून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली चपटी वायर असते. रॅकपासून सुटं झालेलं स्टिअरिंग गरागरा फिरलं तर ती तुटते.

गाडीचा पुढचा भाग उचला आणि स्टँड चासीखाली लावा. गाडी जोराने हलवून बघा, स्टँड कणभरही सरकता कामा नये. फक्त जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पुढची चाकं आणि खालची संरक्षक प्लेट काढा.

दोन्ही बाजूंच्या टाय रॉड एंडची स्प्लिट पिन काढून नट सैल करा. तो पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे सांधा सुटताना दांडा एकदम उडणार नाही. पुलर लावा आणि ताण आला की नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्याच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका ठोका द्या. नीट बसलेला ठोका असेल तर सांधा लगेच सुटतो. दुबेळकं हत्यार घालून उचकटू नका, त्याने रबरी बूट फाटतो. टाय रॉडवरचा लॉकनट मात्र अजिबात हलवू नका. त्याला हात लावला नाही तर अलाइनमेंट बरीचशी जागच्या जागी राहते.

आता स्टिअरिंग शाफ्टचा जोड. शाफ्ट आणि पिनियन या दोन्हींवर ओलांडून जाणारी रंगाची एक रेघ ओढा. मग हा जोड आवळून धरणारा चिमट्याचा बोल्ट पूर्ण काढा, नुसता सैल करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तो पिनियनच्या खाचेतून जातो आणि तो जागेवर असेपर्यंत शाफ्ट निघत नाही. रॅक थोडाच खाली येणार असेल तर काही मॉडेलमध्ये हा जोड न सोडताही काम होतं. तरी रेघ ओढून ठेवाच.

तेलाचे पाइप काढायची गरज सहसा नसते. पाइप चासीला धरून ठेवणाऱ्या क्लिपा तेवढ्या सोडा, म्हणजे रॅक थोडा खाली किंवा पुढे येऊ शकतो. लोखंडी पाइप वाकवून जागा करू नका. रॅकमधूनच तेल गळत असेल, बूट दाबल्यावर आतून तेल येत असेल, तर इथेच थांबून विचार करा. असा रॅक दुरुस्त करायचा किंवा बदलायचा असतो. नुसते बुश घालून तो पुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

यू पट्टीचे दोन्ही बोल्ट काढा. पट्टी आणि रबर निघण्याआधी रबराची चीर कोणत्या बाजूला आहे याचा फोटो घ्या. मग पिनियनकडचे बोल्ट. हे बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. नट काढल्यावर बोल्टवर हातोडी चालवायचा मोह टाळा. आधी पाना लावून बोल्ट पुढे-मागे फिरवा, तेल मारा, पुन्हा फिरवा. तो एकदा फिरायला लागला की बाहेर येतोच. शेवटचा बोल्ट काढताना रॅकला खालून आधार द्या, पाइपांवर वजन येता कामा नये.

जुने बुश काढणे

सगळ्यात जास्त धीर इथे लागतो. हाउसिंग अॅल्युमिनियमची आहे, म्हणजे डोळ्यावर मारलेला एक चुकीचा ठोका तिला चीर पाडू शकतो. जाळून रबर काढायचा सल्ला बरेचजण देतात. तो मानू नका. धूर विषारी असतो, आणि वितीवर रॅकचे सील, तेलाचे पाइप आणि रबरी बूट असतात.

बुश कवचासकट काढायचा असेल तर आधी थ्रेडेड रॉडने ओढून बघा. बुशच्या कवचापेक्षा किंचित लहान व्यासाचं सॉकेट एका बाजूला, आख्खा बुश आत मावेल असं मोठं सॉकेट दुसऱ्या बाजूला, मधून रॉड, दोन्हीकडे जाड वॉशर आणि नट. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा. मोठं सॉकेट डोळ्याच्या कडेवर सपाट टेकलं पाहिजे, तिरकं टेकलं तर सगळा जोर कडेच्या एकाच बिंदूवर येतो. बुशला एका बाजूला कड असेल तर तो त्याच बाजूने बाहेर ओढायचा. नट हळूहळू आवळा. बराच वेळ काही होत नाही आणि मग 'कट्' आवाज होऊन कवच सुटतं.

नाही सुटलं, किंवा कवच राहू द्यायचं असेल, तर आधी फक्त रबर काढा. आतल्या नळीभोवती रबरात जवळजवळ भोकं पाडत जा. भोकं एकमेकांत मिसळली की नळी हाताने निघते. कवचही काढायचं असेल तर ते करवतीच्या पात्याने आतून कापायचं: पातं फ्रेममधून काढून डोळ्यात घाला, कापडात गुंडाळून धरा आणि कवचाच्या लांबीला समांतर एकच चीर पाडा. अधूनमधून थांबून टॉर्चने बघत राहा. लोखंडाचा करडा रंग संपून त्यामागे अॅल्युमिनियमची पांढुरकी रेघ दिसली की तिथे कापणं बंद. अॅल्युमिनियममध्ये खोल खाच पडली तर डोळा कमजोर होतो. चीर पुरी झाली की छिन्नीच्या टोकाने कवचाची कड आतल्या बाजूला दुमडा. कवच आक्रसतं आणि बाहेर येतं.

रिकामा डोळा पॉलिश पेपरने हलकेच साफ करा, कापडाने पुसा आणि बोट फिरवून बघा. कुठे टोचलं तर तिथे पुन्हा पेपर. दुसऱ्या टोकाची नळी आणि यू पट्टीची आतली बाजूही तशीच साफ करा. चासीवरच्या बैठकीला तडा किंवा लांबट झालेलं भोक नाही ना, तेही आत्ताच बघून घ्या.

नवे बसवणे

रबरी बुश असेल तर त्याला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल अजिबात नको. डोळ्याच्या कडेवर तो सरळ धरा आणि त्याच रॉडने, या वेळी सॉकेट उलट लावून, आत ओढा. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच तो सरळ जातोय की तिरका ते कळतं. तिरका जात असेल तर मागे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा, पुढे सरळ होईल या आशेवर ओढत राहू नका.

पॉलीचे बुश बहुधा दोन अर्ध्या भागांत येतात. संचाबरोबर येणारं सिलिकॉन ग्रीस आतून, बाहेरून आणि कडेच्या सपाट भागावर लावा. साधं ग्रीस वापरू नका. दोन्ही बाजूंनी अर्धे भाग हाताने दाबून बसवा आणि मग मधली लोखंडी नळी रॉडने आत ओढा. नळीची दोन्ही टोकं बुशच्या तोंडाशी सपाट किंवा केसभर बाहेर हवीत. बोल्ट आवळल्यावर चासी या नळीलाच घट्ट धरते. नळी आत राहिली तर बोल्टचा सगळा जोर बुशच्या कडेवर येतो आणि रॅक पुन्हा हलायला लागतो.

यू पट्टीखालचं नवं रबर चीर पूर्वीच्याच दिशेला ठेवून नळीवर चढवा. आता रॅक वर उचला, रेघ जुळवून शाफ्ट पिनियनवर बसवा आणि सगळे बोल्ट आधी हाताने चढवा. एकही बोल्ट पूर्ण आवळलेला नसताना बाकीच्यांची भोकं सहज जुळतात. त्यानंतर पिनियनकडचे आवळा. पट्टीचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा, म्हणजे रबर दोन्हीकडून सारखं दबेल. शेवटी मॅन्युअलमधला टॉर्क. तो आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना ग्रीस असेल तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. सस्पेन्शनच्या बुशसारखं गाडीचं वजन चाकांवर आणून आवळायची इथे गरज नाही, कारण हा बुश सस्पेन्शनबरोबर फिरतच नाही.

शाफ्टच्या चिमट्याचा बोल्ट आवळा. टाय रॉडचा नट टॉर्कला आवळल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही, तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, कधीही सैल करून नाही. नवी पिन घाला आणि तिची टोकं दुमडा. पाइपांच्या क्लिपा परत लावा. रबरी बूट पिळले गेले नाहीत ना ते बघा.

पहिली चाचणी आणि नंतर

पाइप सोडले असतील तर हवा काढावी लागेल. चाकं अधांतरी, इंजिन बंद. टाकीत मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल भरा. वरच्या जुन्या टोयोटांमध्ये ते डेक्सरॉन २ किंवा ३ जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा आणि पातळी भरत जा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच पुन्हा करा. पूर्ण टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नका, पंप गरम होतो. तेल दुधट दिसत असेल तर आत अजून हवा आहे.

चाकं लावून गाडी जमिनीवर घ्या आणि सुरुवातीची चाचणी जशीच्या तशी परत करा: सोबती स्टिअरिंगवर, तुम्ही टॉर्च घेऊन बाजूला. हाउसिंग जागेवर हवी आणि चाकं लगेच वळायला हवीत. मग मोकळ्या जागेत, हळू वेगात, दोन्हीकडे पूर्ण वळणं घ्या आणि ब्रेक मारून बघा. स्टिअरिंग सरळ रेषेत वाकडं दिसत असेल आणि रेघ तर जुळलेली असेल, तर घाबरायचं कारण नाही. झिजलेल्या बुशमुळे रॅक एका बाजूला सरकून बसलेला होता, तो आता मूळ जागी आला आहे. शाफ्टवर हे दुरुस्त करू नका. अलाइनमेंटवर टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) जुळवताना स्टिअरिंग मध्यात घ्यायला सांगा. स्टिअरिंग सरळ असलं तरी अलाइनमेंट करायचीच, कारण हाउसिंग काही मिलिमीटर सरकली तरी टो बिघडू शकतो आणि टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टॉर्क रेंच घेऊन रॅकचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा, विशेषतः यू पट्टीचे. चिखलातून किंवा पाण्यातून गाडी काढून आणली की धुताना या भागावर टॉर्च मारायची सवय लावून घ्या. पट्टीच्या कडेला पुन्हा चकचकीत पट्टा उमटायला लागला तर बोल्ट सैल झाला आहे. नव्या रबरावर तेलाचा ओलसर थर दिसला तर पाइपांचे जोड वरपासून खालपर्यंत पुसून घ्या, इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवायला सांगा, आणि पहिला थेंब कुठे धरतो ते बघा.